ऊब जात नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

बग क्रमांक ४१२ आज तिसऱ्यांदा उघडला. चूक दुरुस्त झाली म्हणून मी तो दोनदा बंद केला होता. मी बंद केलेला बग परत उघडत नाही, असा माझा ऑफिसात लौकिक आहे. होता.

मशीनचा लॉग, म्हणजे घडेल त्याची नोंद, मी रोज ठेवते. स्वतःचा कधी ठेवला नव्हता. पण गेल्या आठवड्यात मी नेमकं काय बदललं ते आज आठवेना, आणि आठवणीवर विसंबून दुरुस्ती करणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. म्हणून ही वही. हिच्यात फक्त नोंदी असतील.

आमच्या खेळाचं नाव 'सात खिंडी'. बर्फातून निरोप घेऊन जाणारा एक निरोप्या, त्याचा घोडा, आणि वाटेत माणसाला जे जे छळू शकतं ते सगळं. त्याला विष लागतं, शाप लागतो, झापड येते, धास्ती भरते. यांना आम्ही 'परिणाम' म्हणतो. प्रत्येक परिणामाचं एक बारीक चिन्ह स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतं, आणि वेळ संपली की ते गेलं पाहिजे. परिणामांचं सगळं काम माझ्याकडे आहे. शाप देणं आणि काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, असं मी एकदा आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, "देण्यात तू पहिल्यापासूनच हुशार आहेस."

४१२ म्हणजे ऊब. निरोप्या शेकोटी पेटवून बसला की त्याला ऊब मिळते, आणि ती असेपर्यंत थंडी बाधत नाही. शेकोटीपासून लांब गेला की ऊब उतरली पाहिजे. ती उतरत नाही. नेहमी नाही, कधीकधी. मग सातवी खिंड, जिथे खेळणाऱ्याने रडकुंडीला यायला हवं, ती तो बागेत फिरल्यासारखी पार करतो.

बग सापडला टेस्टरला, म्हणजे खेळ खेळून चुका शोधणाऱ्याला. त्याला सगळे 'पुन्हा' म्हणतात, कारण त्याच्या प्रत्येक तक्रारीचं पहिलं वाक्य 'पुन्हा झालं' हे असतं. आजची तक्रार जशीच्या तशी: "पुन्हा झालं. मी काहीच केलं नाही."

मी त्याच्या टेबलाशी गेले.

"काहीच केलं नाही म्हणजे नेमकं काय केलंत?"

"काहीच नाही, मॅडम."

"कुठली कळ दाबली होती?"

"कुठलीच नाही."

"मग ऊब राहिली कशी?"

"तेच तर म्हणतोय. चमत्कार आहे. चहा घेणार?"

घेतला नाही. मी त्याला 'तुम्ही' म्हणते. बाकी सगळं ऑफिस त्याला अरेतुरे करतं. तो मला 'मॅडम' म्हणतो, आणि त्यात आदर नसतो हे मला कळतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कारण सापडलं. खेळ सेव्ह करून परत उघडला की ऊब दोनदा मोजली जात होती. एक जायची, दुसरी राहायची. दुरुस्त. बंद.

बाई येऊन विचारून गेल्या, "सापडलं का गं?" बाई आमच्या खेळाची कथा लिहितात; ऊब ही त्यांचीच कल्पना. मी हो म्हटलं. "अरेरे," म्हणाल्या. यातला अरेरे मला कळला नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा झालं. (हे त्याचं वाक्य आहे, लिहून झाल्यावर लक्षात आलं. राहू दे. नोंदीत खाडाखोड नसावी.)

नवा संशय शेजारी-शेजारी पेटवलेल्या दोन शेकोट्यांवर. एकीची ऊब दुसरीच्या नावावर चढत असेल. तसं दुरुस्त केलं. दुपारी कळलं की या दुरुस्तीमुळे चौथ्या खिंडीतल्या खानावळीचा मालक स्वतःच्याच चुलीपुढे गारठून मेला, आणि विष चढलेला घोडा काही केल्या मरेना. पुन्हाने तो घोडा दुपारभर पळवला.

"मॅडम, असा घोडा नशिबाने मिळतो. राहू दे ना."

मी दुरुस्ती मागे घेतली. घोडा जागच्या जागी मेला. पुन्हाने उभं राहून त्याच्यासाठी श्रद्धांजलीचे दोन शब्द म्हटले. अख्ख्या ऑफिसने हात थांबवून ऐकले. मीही थांबले, कारण तेवढ्या आवाजात काम करता येत नाही.

घरी आईला सांगितलं. ती जन्मभर परिचारिका होती. निवृत्त झाली तरी घरातल्या प्रत्येकाकडे तो खाटेवर असल्यासारखं बघते. "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला," म्हणाली. मग जरा वेळाने, "घोड्यासाठी बोलणारा कोण म्हणालीस?"

"टेस्टर."

"हं."

आईचा 'हं' मला अजून कुठल्याच प्रकारात बसवता आलेला नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

कप्तानने आत बोलावलं. कप्तान म्हणजे आमचे मालक. ते कधी बसत नाहीत. जहाजाच्या टोकावर उभं राहिल्यासारखे कुठेतरी उभे असतात आणि लांब बघत बोलतात. म्हणून कप्तान.

खेळ पाच डिसेंबरला बाहेर पडायचा आहे. त्यांना एक प्रोग्राम हवा आहे, जो माणसासारखा खेळ खेळेल, अखंड, आणि बग शोधेल. "तू करशील?" मी हो म्हटलं. अवघड नाही. "एकदा तो नीट चालला की पुढच्या खेळाला टेस्टर लागणार नाही," ते खिडकीला म्हणाले. "त्याचा करार तसाही खेळाबरोबर संपतोच. पण हे आत्ता बाहेर बोलू नकोस."

बाहेर आले तेव्हा पुन्हा माझ्या टेबलाच्या कडेवर बसला होता. मी बारा महिने ऑफिसात स्वेटर घालते, कारण एसी थेट माझ्या डोक्यावर आहे. तो शेजारच्या मुलीला सांगत होता, "सातवी खिंड खेळात कशाला शोधतेस? ती मॅडमच्या टेबलापासून सुरू होते."

मी त्याला उठायला सांगितलं. तो उठला. त्याला काही सांगितलं नाही. सांगू नकोस असं मला सांगितलं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

प्रोग्राम चालतो. मी त्याला काही नाव दिलं नव्हतं. पुन्हाने दिलं: धाकटा. "मॅडमचा धाकटा. बघा, तोच नाकासमोर चालायचा स्वभाव."

धाकटा चांगला खेळतो. शेकोटी पेटवतो, ऊब घेतो, कळ दाबून शेकोटी विझवतो, पुढे निघतो. ऊब उतरते. शेकडो वेळा करून पाहिलं, प्रत्येक वेळी उतरते.

बग बंद करायचे तीन शिक्के आहेत: 'दुरुस्त', 'सापडत नाही', 'असंच अपेक्षित'. तिसरा शिक्का म्हणजे हा बग नाहीच, आम्हाला असंच हवं होतं. तो आळशी लोकांचा शिक्का आहे. मी तो आजवर वापरलेला नाही. ४१२ आज 'सापडत नाही'वर बंद केला.

"धाकटा हाताशी आला की थोरल्याला घरी बसवतात," पुन्हा धाकट्याचा खेळ बघत म्हणाला. "जगाची रीत आहे." आणि हसला. त्याला कोणी सांगितलं माहीत नाही. मी नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

४१२ उघडला. "पुन्हा झालं. मी काहीच केलं नाही. धाकट्याला म्हणावं, थोरल्यांकडून शीक."

१७ नोव्हेंबर, सोमवार

कप्तान म्हणाले, "एक विचारू? धाकट्याला सापडत नाही, तुला सापडत नाही. त्याला एकट्यालाच कसा सापडतो? बग संपले की त्याचं काम संपतं. तो हा जिवंत तर ठेवत नाही ना?"

मी म्हटलं, पुरावा नाही.

"मग पुरावा बघ."

त्याच्या मशीनवर लॉग लावायचा, म्हणजे तो दाबेल ती प्रत्येक कळ वेळेसकट नोंदली जाईल. कप्तानला तो गुपचूप हवा होता. मी नकार दिला. ज्याची नोंद ठेवायची त्याला ते माहीत असलं पाहिजे. मी पुन्हाला एका ओळीत कळवलं.

"लावा, लावा," म्हणाला. "माझ्या बोटांचं चरित्र कोणीतरी लिहायलाच हवं होतं."

संशय मला आहे का? आहे. लिहून ठेवते म्हणजे नंतर नाकारता येणार नाही. जो माणूस मेलेल्या घोड्यावर भाषण करतो, तो बगला खोटं खोटं जिवंत ठेवणार नाही कशावरून?

१९ नोव्हेंबर, बुधवार

लॉग वाचला. त्यात भल्यामोठ्या मोकळ्या जागा आहेत. एकही कळ दाबलेली नाही, खेळ मात्र चालू. त्या वेळात तो कुठे असतो हे शोधायला लॉगची गरज नाही, आवाजावरून कळतं. बाईंच्या खिडकीशी. खाली पहारेकऱ्याशी, त्याच्या जावयाबद्दल. माझ्या टेबलाच्या कडेवर.

त्याच्याच कळा त्याच क्रमाने धाकट्याला दिल्या. मोकळ्या जागा तेवढ्या गाळल्या. त्यांत काही घडत नाही, धाकट्याने उगाच ताटकळत कशाला बसायचं. निकाल: ऊब प्रत्येक वेळी उतरली. ४१२ परत 'सापडत नाही'वर बंद.

कप्तानला दोन वाक्यांत कळवलं. टेस्टरच्याच कळा वापरूनही बग घडत नाही. रोजच्या वेळाचा बराच भाग कळ न दाबता जातो. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

"झालं तर," कप्तान म्हणाले. "महिनाअखेरपर्यंतच राहू दे त्याला. खेळ बाहेर पडायची वाट कशाला बघायची?"

मला वाटलं होतं ते आणखी काही विचारतील.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा माझ्याकडे आला. टेबलावर बसला नाही, उभा राहिला.

"मॅडम, तुमची दोन वाक्यं कप्तानने वाचून दाखवली. छान आहेत. काना-मात्रा इकडचा तिकडे नाही."

"मी फक्त लॉगमध्ये होतं ते लिहिलं."

"हो ना. तक्रार नाही माझी. फक्त एक. मी खोटं बोललो असं कप्तानला वाटतं. तुम्हालाही वाटतं?"

मी म्हटलं, "मला काय वाटतं याला महत्त्व नाही."

"बरं," म्हणाला, आणि गेला.

तो दिवसातून चारदा तरी येतो, हे मी कामातला व्यत्यय मोजायचा म्हणून टिपून ठेवलं होतं. त्यानंतर आज आला नाही. व्यत्यय शून्य. काम एरवीपेक्षा कमी झालं. संबंध लागत नाही.

जेवले नाही. आईने न विचारता नाडी बघितली.

"नाडी ठीक आहे," म्हणाली.

"मग झालं तर."

"नाडी म्हटलं मी. तू ठीक आहेस असं नाही म्हटलं."

२४ नोव्हेंबर, सोमवार

४१२ बंद आहे. कोणी उघडलेला नाही. तरी माझ्या डोक्यातून जात नाही, हे मला अयोग्य वाटतं. बंद म्हणजे बंद.

त्याने शेवटचं जे विचारलं त्याचं उत्तर मला द्यायचं होतं, आणि उत्तर द्यायला माहिती हवी. म्हणून दुपारी खुर्ची ओढत त्याच्या टेबलाशी नेली. "माझ्यासमोर खेळा," म्हटलं.

"आता कशाला, मॅडम? पाच दिवसांचा सोबती मी."

"खेळा."

खेळला. तो वाईट खेळतो. चुकीच्या वाटेने जातो, वाटेत भेटेल त्या म्हातारीशी बोलतो. पहिल्या खिंडीत शेकोटी पेटवली. ऊब आली. आणि त्याने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? बसायचं."

"किती वेळ?"

"विझेपर्यंत."

"विझवायची कळ आहे. सगळे विझवून पुढे जातात."

"जात असतील. अहो, ज्याने ऊब दिली त्याच्यावरच पाणी ओतून निघायचं? पाहुणासुद्धा असा उठून जात नाही. मी आपला लाकडं संपेपर्यंत बसतो. म्हणजे निरोप्या बसतो, मी जरा फिरून येतो."

"हे तुम्ही तक्रारीत का लिहिलं नाहीत?"

"काय लिहायचं? काहीच तर करत नाही. लिहिलं की तसं! दर वेळी लिहिलं!"

आम्ही बसलो. वीसेक मिनिटं लागतात. ही वेळ मीच ठरवली होती, आणि मीच कधी बसून पाहिली नव्हती. तो बोलत होता. पहारेकऱ्याचा जावई आता सुधारला आहे. त्याची स्वतःची बहीण फोनवर इतकी हसते की फोनच बंद पडतो. मग म्हणाला, "तुम्ही कुठे शेवटपर्यंत बसलाय का हो कधी? मागे ऑफिसातल्या एकाच्या लग्नातही जेवणाआधीच उठलात. मी तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. दोन म्हाताऱ्यांशी भांडलो त्या खुर्चीपायी."

मला हे माहीत नव्हतं. मी सांगितलं की मला माहीत नव्हतं.

"लॉग ठेवला नव्हता ना," म्हणाला.

शेकोटी विझली. धूर निघाला, तोही गेला. त्याने निरोप्याला उठवलं आणि बर्फात चालवलं. लांबवर. कोपऱ्यातलं नारिंगी चिन्ह तसंच.

मला दिसलं. स्क्रीनवर नव्हे, कोडमध्ये. ऊब काढायची वेळ झाली हे शेकोटी सांगते: माणूस माझ्यापासून लांब गेला, आता त्याची ऊब काढा. माणूस उठायच्या आधीच शेकोटी विझली, तर सांगायला कोणी उरतच नाही. ऊब जन्मभर राहते. आणि धाकट्याच्या हातून हे कधीच घडणार नव्हतं, कारण त्याला मी घाई शिकवली. लॉगमधल्या मोकळ्या जागा मी गाळल्या, आणि बग नेमका तिथेच होता.

"पुन्हा झालं," तो म्हणाला. विजयाने नाही, सवयीने.

त्या क्षणी मी "अरे, तू खरंच काही केलं नव्हतंस!" असं ओरडले, असं त्याचं म्हणणं आहे. कळांच्या लॉगमध्ये आवाज येत नाही, त्यामुळे पडताळता येत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुरुस्ती एका ओळीची. विझताना शेकोटीने स्वतःच सांगून जायचं. बस.

ती करण्याआधी कप्तानकडे गेले. बग सापडला म्हटल्यावर ते खूश झाले. मी म्हटलं, माझी दोन वाक्यं परत घ्यायची आहेत.

"खोटी होती?"

"खरी होती. अर्थ चुकीचा निघाला. तुम्ही एकदा शेकोटीपाशी बसून बघा."

"सापडला ना बग? मग मी कशाला बसू?"

"तुम्हाला पुरावा हवा होता."

ते बसले, खरोखरच्या खुर्चीत. बाई बघायला आल्या, मग बाकीचे. पहिल्या वेळी ते दोनच मिनिटांत उठले आणि नकळत शेकोटी विझवायची कळ दाबून गेले. मी परत पेटवली. दुसऱ्या वेळी फोन आला. "कोण आहे?" बाईंनी विचारलं. "आई," ते म्हणाले, "नंतर करतो." बाई म्हणाल्या, "घ्या की. इथे तुम्हाला बसायचंच तर आहे." त्यांनी घेतला. आधी घड्याळाकडे बघत बोलत होते, मग बघायचे थांबले. त्यांच्या आईच्या गुडघ्यांबद्दल आम्हा सगळ्यांना आता पुष्कळ माहिती आहे. फोन ठेवला तेव्हा शेकोटी विझलेली होती. निरोप्या बर्फातून चालत गेला, कोपऱ्यात ऊब घेऊन.

कप्तानने फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "पण हे असं विझेपर्यंत बसून खेळणार कोण?"

"ज्याला खेळ आवडेल तो," बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "धाकट्याला आता मी बसायला शिकवीन. ते अवघड नाही. पण पुढच्या खेळात कुठे बसायचं, हे मला सुचणार नाही. मला ते सुचत नाही, याचा पुरावा आपण आत्ताच पाहिला. त्यांना सुचतं."

"त्याला सुचत नाही," कप्तान म्हणाले. "तो चकाट्या पिटायला जातो!"

"हो. तेच."

पुन्हा हे ऐकत उभा होता. 

"बघू," कप्तान म्हणाले. त्यांचा 'बघू' आईच्या 'हं'पेक्षा वाईट.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुरुस्ती केली. शेकोटी विझताक्षणी ऊब गेली. अचूक.

बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "हे बरोबर नाही गं."

"बरोबर आहे. उगम संपला, परिणाम संपला."

"तू कधी शेकोटीपाशी बसली आहेस?"

"परवा. वीस मिनिटं."

"उठल्यावर लगेच गार वाटलं?"

मी आठवून पाहिलं. ती शेकोटी स्क्रीनवरची होती, हे उत्तर द्यायचं होतं. दिलं नाही. परवा स्वेटर खुर्चीवरच राहिला होता आणि ते संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, हे आठवलं. तेही सांगितलं नाही.

बाईंचं म्हणणं असं: विझवून निघणाऱ्याची ऊब लवकर जावी. शेवटपर्यंत बसणाऱ्याची पुढची अर्धी खिंड टिकावी. कोणाला सांगायचं नाही. ज्याला कळेल त्याला कळेल. मी म्हटलं, हा बदल आहे, याला कप्तानची परवानगी लागेल. कप्तान आईशी फोनवर होते. त्यांनी हाताने 'करा' केलं.

पुन्हाचं काय, ते विचारायला मी थांबले होते. त्याचं उत्तर नाही मिळालं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काही नाही. तो त्याच्या खणातल्या वस्तू पिशवीत भरत होता. तीन चहाचे कप, त्यातला एक माझा.

"हा माझा आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. आठवण म्हणून चोरत होतो."

"ठेवा खाली."

"कप की सगळंच?"

"सगळंच. अजून 'बघू' चालू आहे."

आईने विचारलं, "काय बिनसलंय?" मी म्हटलं, एका सहकाऱ्याच्या कराराचा प्रश्न प्रलंबित आहे. ती म्हणाली, "सहकाऱ्याला भूक लागते का गं वेळेवर? का त्याचीही गेली?"

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

राहिला. पुढचा खेळ संपेपर्यंत, आणि मग त्याच्या पुढचा बघू. (हा 'बघू' वेगळ्या आवाजात होता.) धाकटाही राहिला. धाकट्याला काय शिकवायचं ते पुन्हाने सांगायचं, आणि शिकवायचं मी. बाईंनी त्याला नवा हुद्दा दिला: मुख्य रिकामटेकडा. कप्तान म्हणाले, पाटीवर हे लिहिता येणार नाही. पुन्हा म्हणाला, मला चालेल.

तो माझ्या टेबलाच्या कडेवर येऊन बसला. मी उठायला सांगितलं नाही. कागद हलवून जागा केली, नाहीतर त्याने ते चुरगळले असते.

"तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही खोटं बोललात असं मला एका बुधवारी वाटलं होतं. आता वाटत नाही."

"एकाच बुधवारी?"

"सोमवारी थोडं. बुधवारी पूर्ण."

"मॅडम," तो म्हणाला, "इतक्या बारकाईने माझी माफी आजवर कोणी मागितली नव्हती."

मी माफी मागितली नव्हती. माहिती दिली होती. आज रात्री दोनदा वाढून घेतलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

खेळ बाहेर पडला. संध्याकाळी ऑफिसात सगळ्यांचा कार्यक्रम होता. कप्तान भाषण बसून करत होते, हे बाईंनी मला कोपराने ढोसून दाखवलं.

आठच्या सुमारास लोक पांगायला लागले. बाई गेल्या. कप्तान गेले. पुन्हा मात्र खाली जाऊन पहारेकऱ्याला जावयाची खबरबात विचारून परत वर आला. मी खुर्च्या सरळ करत होते.

"अजून इथेच?" त्याने विचारलं.

"तू जा. मी कुलूप लावीन."

तो माझ्याकडे बघत राहिला, कशाला ते कळलं नाही. मग त्याच्या मशीनपाशी जाऊन दोन बोटांनी काहीतरी टाइप करत बसला. माझ्या स्क्रीनवर नवा बग आला. त्याची इतकी व्यवस्थित तक्रार मी आधी पाहिलेली नाही:

"विषय: मॅडम. अपेक्षित: कुठल्याही कार्यक्रमातून जेवणाआधी उठून जाणं. प्रत्यक्ष: जेवण झालं, भाषण झालं, दिवे अर्धे मालवले, तरी जात नाहीत. मी काहीच केलं नाही."

मी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. दुरुस्त करण्यासारखं काही दिसेना. 'सापडत नाही' म्हणता येईना; मी समोरच होते. उरलेला तिसरा शिक्का पहिल्यांदाच मारून बंद केला.

त्याने तो वाचला. परत उघडला नाही.

मग आम्ही बसलो. तो बहिणीचा किस्सा सांगत होता, तोच फोनवरच्या हसण्याचा, पण यावेळी शेवटापर्यंत. चहा कपातच गार झाला. मग कुलूप लावून निघालो. कोपऱ्यापर्यंत रस्ता एक आहे.

घरी आईने दार उघडलं.

"स्वेटर कुठे?"

"ऑफिसात राहिला."

"एवढ्या थंडीत अशीच आलीस?"

"थंडी नव्हती."

तिने माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. समोरून एकजण मफलरमध्ये नाक खुपसून चालला होता. मग माझ्या कपाळाला हात लावला, गालाला लावला, मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"ताप नाही," म्हणाली, आणि हसत आत गेली. हसण्यासारखं काय होतं ते तिने सांगितलं नाही.